हादऱ्यानंतरची आग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



४ डिसेंबर २०२४ची सकाळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. बुधवार होता. चंद्रपुरात थंडी पडायला सुरुवात झाली होती. मी ओसरीत वर्तमानपत्र उघडून बसलो होतो. ७ वाजून २७ मिनिटांनी फळीवरचे डबे एकमेकांवर वाजले. आधी वाटलं मांजर असेल. मग खुर्ची हलली आणि शेजारून आरडाओरड ऐकू आली. आम्ही सगळे अंगणात धावलो. तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात भूकंपाचं केंद्र होतं, तीव्रता ५.३ होती, हे नंतर कळलं. गडचिरोलीतही धक्के जाणवले होते.

अंगणात दहा-पंधरा मिनिटं गेली. कोणाची भिंत किती हलली, याच्या गप्पा झाल्या. अम्मी तेवढी गप्प होती. एकदम म्हणाली, "अरे, दूध!" आत जाऊन पाहिलं तर दूध उतू जाऊन शेगडी विझलेली आणि स्वयंपाकघरात गॅसचा वास. खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला, दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. काही झालं नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट मनात बसली. हादऱ्यानं आमचा एक कपही फुटला नव्हता. घर जाऊ शकलं असतं ते नंतरच्या दहा मिनिटांत.

मी कवी माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंतचं, तेही मराठी आणि इतिहास घेऊन. घरात आम्ही भूकंपाला जलजला म्हणतो, कवितेत धरणीकंप लिहितो. अणुवीज केंद्र, भूकंप आणि आग या विषयावर मी का बोलावं? कारण माझ्या बहिणीचा मुलगा. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात तो शिकला आणि एका अणुवीज केंद्राच्या अग्निशमन दलात लागला. केंद्राचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. उद्या तिथे हादरा बसला, तर बाकीचे बाहेर पळतील तेव्हा आत धावणाऱ्यांमध्ये आमचा पोरगा असेल. ज्याचं माणूस आत आहे त्याला विषय समजून घ्यावाच लागतो. दुधाची गोष्ट मी त्याला फोनवर सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "मामू, आमची सगळी नोकरी हीच आहे."

आधी थोडं भूगोलाविषयी. आपल्याकडे भूकंप होत नाहीत, असं आपण सहज म्हणतो. पण ज्या कोळशावर आपला जिल्हा जगतो, तो कोळसा इथे का सापडतो? फार प्राचीन काळी इथली जमीन दोन भेगांच्या मधे खचली. त्या खोलगट पट्ट्यात गाळ साचला, जंगलं गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. वर्धा खोऱ्यातून हा पट्टा प्राणहितेच्या आणि गोदावरीच्या काठानं तेलंगणात उतरतो. १९६९च्या एप्रिलमध्ये भद्राचलमला मोठा भूकंप झाला, तो याच पट्ट्यात. मुलुगूही तिथलंच. म्हणजे आपल्याला कोळसा देणारी जमीन आणि आपल्याला हलवणारी जमीन एकच आहे.

सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. तिथून नदीच्या काठानं खाली गेलं की तेलंगणात मणुगुरू लागतं. अणुभट्ट्यांना लागणारं जड पाणी तयार करण्याचा सरकारी कारखाना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे आहे. तिथे अणुभट्टी नाही, किरणोत्सार नाही. पण जड पाणी तयार करताना हायड्रोजन सल्फाइड हा वायू वापरला जातो. तो विषारीही आहे आणि ज्वालाग्राहीही. मी कोणावर बोट ठेवत नाही. एवढंच म्हणतो की, 'भूकंप आणि अणुऊर्जा' हा विषय जपानचा आहे, चंद्रपूर-गडचिरोलीचा नाही, असं समजू नका.

आणि नकाशावरच्या रंगावर फार विसंबू नका. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेलाही भूकंप झाला.

आता आगीकडे येऊ. जगात भूकंपानंतरच्या आगीनं भूकंपापेक्षा जास्त माणसं मारल्याची उदाहरणं आहेत. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो-योकोहामा भागात दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना धरणी हलली. घरोघरी जेवणासाठी चुली पेटलेल्या, घरं लाकडाची. एक लाखाहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक आगीनं. १९०६मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपानंतर तीन दिवस जळत राहिलं, कारण पाण्याच्या मुख्य नळवाहिन्या फुटल्या होत्या. १९९५मध्ये कोबे शहरात तर काही आगी वीज परत आल्यावर लागल्या. पडलेल्या घरांत शेगड्या आणि तुटक्या वायरी तशाच होत्या. वीज आली आणि ठिणगी पडली.

पण अणुवीज केंद्रात पेटायला असतं काय? युरेनियम लाकडासारखं जळत नाही, हे खरं. इथे चंद्रपूरकरांना मी एक सोपी गोष्ट सांगतो. आपल्या थर्मलमध्ये काम केलेल्या कोणालाही अणुवीज केंद्राचा अर्धा भाग नवा वाटणार नाही. तीच वाफ, तेच टर्बाइन, तेच जनित्र. टर्बाइनच्या बेअरिंगला हजारो लिटर तेल लागतं. जनित्र थंड ठेवायला सहसा हायड्रोजन वायू असतो. बाहेर तेलानं भरलेले मोठे ट्रान्सफॉर्मर, म्हणजे रोहित्रं. डिझेलच्या टाक्या. आणि केबल, मैलोन् मैल. फरक पाणी तापवणाऱ्या विस्तवाचा. आपल्याकडे कोळसा घालणं थांबवलं की बॉयलर हळूहळू निवतो. अणुभट्टी बंद केली तरी आतली उष्णता लगेच जात नाही. बंद केल्याच्या क्षणी पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के, तासाभरानं दीड टक्क्याच्या आसपास. टक्के लहान दिसतात, पण मूळ आकडाच प्रचंड असतो. राखेखालच्या विस्तवासारखं ते आहे. वरून शांत, आत धग. म्हणून बंद भट्टीलाही पाणी हवं, पाण्याला पंप हवा, पंपाला वीज हवी आणि विजेला केबल हवी. आग भट्टीपर्यंत पोचावी लागतच नाही. ती त्या केबलपर्यंत पोचली तरी पुरे.

हे आपल्या देशात घडलेलं आहे, भूकंपाशिवाय. ३१ मार्च १९९३. उत्तर प्रदेशात गंगेच्या काठी नरोरा अणुवीज केंद्र आहे. पहाटे पहिल्या युनिटच्या टर्बाइनची पाती तुटली. सगळं यंत्र थरथरलं, हायड्रोजन गळला, तेल पेटलं आणि आग केबलच्या वाटेनं पसरली. केंद्रातली वीज गेली ती सुमारे १७ तास. अंधारात आणि धुरात तिथल्या माणसांनी आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेलचे पंप चालू करून भट्टीची उष्णता काढण्यासाठी पाणी पोचवलं. काही जण हातात बॅटरी घेऊन वर चढले आणि भट्टी पुन्हा चालू होऊ नये म्हणून बोरॉनचं द्रावण सोडणारे व्हॉल्व्ह हातानं उघडून आले. किरणोत्सार बाहेर पडला नाही. माणसं शहाणी आणि धीराची होती म्हणून निभावलं. पुढे आपल्या केंद्रांमध्ये केबल वेगवेगळ्या वाटांनी नेणं आणि त्यांच्यामध्ये आग अडवणारे आडोसे घालणं यावर भर आला. गडचिरोलीचे श्रोते याला आपल्या भाषेत जाळरेषा म्हणतील. जंगलात पट्टा आधीच जाळून मोकळा करतात, म्हणजे इकडचा वणवा तिकडे जात नाही. तेच तत्त्व.

आता भूकंपाची घटना. १६ जुलै २००७. जपानमधलं काशिवाझाकी-कारिवा केंद्र. सात अणुभट्ट्या, एकूण क्षमता ८,२१२ मेगावॅट, जगातलं सर्वांत मोठं अणुवीज केंद्र. सकाळी १० वाजून १३ मिनिटांनी भूकंप झाला. केंद्र उभारताना जेवढा धक्का धरला होता, त्याच्याहून जोराचा धक्का बसला. तरीही चालू असलेल्या भट्ट्या आपोआप बंद झाल्या. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. पण तिसऱ्या युनिटच्या बाहेर ट्रान्सफॉर्मरच्या शेजारची जमीन खचली. ट्रान्सफॉर्मरचा पाया एका पातळीवर राहिला आणि त्याला जोडलेल्या वाहिनीचा पाया खाली गेला. जोड तुटला, ठिणगी उडाली, गळणारं तेल पेटलं.

मग काय झालं पाहा. कर्मचारी पाणी मारायला धावले. जमिनीखालचे नळ फुटलेले, त्यामुळे पाण्याची धार जेमतेम. ज्या खोलीतून अग्निशमन केंद्राला थेट फोन लावायचा, तिचं दार भूकंपानं वाकडं होऊन अडकलेलं. शहरातलं अग्निशमन दल पडलेल्या घरांच्या मागे. कर्मचाऱ्यांना मागे हटावं लागलं. हेलिकॉप्टरमधून घेतलेली दृश्यं टीव्हीवर दिसत होती. काळा धूर निघतोय आणि विझवायला कोणी नाही. आग विझली सुमारे दोन तासांनी. भट्टीला धोका पोचला नाही. पण जगभरच्या अभियंत्यांची झोप उडाली.

का उडाली, ते सांगतो. धोका मोजण्याचं गणित साधारण गुणाकाराचं असतं. समजा, ट्रान्सफॉर्मर पेटण्याची शक्यता शंभरात एक आणि त्याच वेळी नळाला पाणी नसण्याची शक्यता शंभरात एक. हे आकडे माझे आहेत, समजण्यापुरते. दोन्ही एकाच वेळी होण्याची शक्यता दहा हजारात एक. त्यात फोन न लागण्याची शक्यता गुणली, बंब न येण्याची गुणली, की कोटीत एक वगैरे आकडा येतो आणि कागदावर सगळे निश्चिंत होतात. पण हा गुणाकार कधी खरा? या गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसेल तेव्हाच.

आपल्या जंगलाचं पाहा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो आणि कधी कधी त्याचा वणवा होतो. तेव्हा विझवायला नाल्यावर जावं तर नाला आटलेला. पानं वाळणं आणि नाला आटणं हे दोन योगायोग नाहीत. उन्हाळा एकच असतो. तोच पानं वाळवतो, तोच नाला आटवतो. भूकंपाचं तसंच आहे. तोच ठिणगी पाडतो, तोच नळ फोडतो, तोच दार अडकवतो, तोच बंबाचा रस्ता उखडतो. काशिवाझाकीत कोटीत एक वाटणारी गोष्ट एका सकाळी घडली, कारण ती मुळात कोटीत एक नव्हतीच. भाच्यानं मला हे एका वाक्यात सांगितलं होतं, "मामू, आग कैसे लगेगी ये सब पूछते हैं. पानी किधर से आएगा, ये पहले पूछो."

दुसरा धडा असा की, केंद्रातली सगळी यंत्रं एकाच तोलाची नसतात. भट्टी आणि तिचे सुरक्षा पंप सर्वांत मोठ्या हादऱ्यासाठी बांधतात. बाहेरचा ट्रान्सफॉर्मर, साधा नळ, कार्यालयाचं दार यांना तो नियम लागू नसतो. आग या दुय्यम समजलेल्या वस्तूंपासून सुरू होते. घराच्या भिंती भक्कम होत्या. आमचं नशीब मात्र शेगडीच्या बटणावर होतं.

मग हा धोका तपासायचा कसा? संगणकावरची गणितं होतातच. पण या विषयातली सर्वांत महत्त्वाची तपासणी पायी होते, हे ऐकून मला बरं वाटलं. अभियंते हातात यादी आणि टॉर्च घेऊन केंद्रभर फिरतात. प्रत्येक खोलीत थांबून विचारतात, आता ही खोली हलली तर काय होईल? हे विजेचं कपाट जमिनीला बोल्टनं बांधलंय की नुसतंच उभं आहे? वायूची सिलिंडरं साखळीनं अडकवली आहेत का? तेलाची टाकी केबलच्या वर तर नाही? हायड्रोजनचा पाइप कोणत्या भिंतीतून जातो आणि ती भिंत पडली तर? आग विझवायचे नळ जमिनीत पुरलेले आहेत की वरून नेलेले? भूकंपात उडालेल्या धुळीलाच धूर समजून यंत्रणा चालू होईल आणि चांगल्या पॅनेलवर पाणी ओतेल का? शेवटचा प्रश्न मला कधी सुचला नसता. आग नसताना विझवण्याच्या यंत्रानंच नुकसान करावं! अशी पायी तपासणी अमेरिकेत १९९०च्या दशकात केंद्राकेंद्रांतून झाली. तिथे आगीचा धाक आधीच होता. १९७५मध्ये अलाबामातल्या ब्राउन्स फेरी केंद्रात हवेची गळती शोधायला कामगारानं मेणबत्ती धरली आणि केबलना आग लागून ती काही तास जळत राहिली. ज्योत मेणबत्तीची होती, पण नियम साऱ्या केंद्रांचे बदलले.

धडा शिकल्यानं काय होतं, तेही सांगायला हवं. काशिवाझाकीच्या कंपनीनं नंतर आपल्या केंद्रांवर फायर गाड्या ठेवल्या आणि भूकंपातही वापरता येईल अशी खास इमारत बांधली. फुकुशिमा दाइइची हे त्याच कंपनीचं केंद्र. तिथली ती इमारत जुलै २०१०मध्ये पूर्ण झाली. आठ महिन्यांनी, ११ मार्च २०११ला भूकंप आणि त्सुनामी आली. वीज गेली, पंप बंद पडले. भट्ट्या वाचल्या नाहीत, हायड्रोजनचे स्फोट झाले, हे आपण जाणतो. पण माणसं ज्या इमारतीत राहून लढली ती हीच आणि भट्टीत पाणी ढकलायला वापरल्या त्या याच फायर गाड्या. त्याच दिवशी ओनागावा केंद्रात हादऱ्यामुळे विजेच्या पॅनेलला आग लागली. ती विझायला रात्र झाली, पण ते केंद्र सुखरूप राहिलं. एका आगीतून घेतलेला धडा दुसऱ्या आपत्तीत अर्धा का होईना कामी आला. त्सुनामीचा धडा मात्र फुकुशिमाच्या कंपनीनं आधी पुरेसा घेतला नव्हता.

आपल्या महाराष्ट्रात तारापूर आहे, १९६९पासून. पालघर जिल्ह्यातच डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८पासून लहान लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि लोकांनी थंडीत रात्री घराबाहेर काढल्या. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प योजलेला आहे. तिथल्या भूकंपाच्या धोक्यावर शास्त्रज्ञांमध्ये मतभेद झाले. अणुऊर्जा हवी की नको, या वादात मी आज पडत नाही. थर्मलच्या धुराखाली आयुष्य काढलेल्या चंद्रपूरकरानं दुसऱ्या विजेला नाकं मुरडावीत, हे शोभणारही नाही. शिवाय खरं बोलायचं तर, भूकंपाच्या आगीनं अणुभट्टी फुटली असं आजवर घडलेलं नाही. भीती घालणं हा माझा हेतू नाही. पण "आजवर घडलं नाही" हे उत्तर किल्लारीच्या आदल्या रात्रीही देता आलं असतं.

म्हणून सामान्य माणसानं विचारावेत असे चार साधे प्रश्न. भूकंप आणि आग यांचा सराव वेगवेगळा होतो की एकत्र, पाणी नाही, फोन नाही असं धरून? रात्रपाळीला केंद्रात स्वतःचे आगवाले किती असतात? पायी तपासणी शेवटची कधी झाली? आणि त्यात जे सापडलं ते आसपासच्या गावांना त्यांच्या भाषेत सांगितलं का? हे विचारायला अणुशास्त्र यावं लागत नाही.

मागच्या ईदला भाचा घरी आला होता. शीरखुर्मा खाऊन झाला आणि तो उठून आमचं घर फिरू लागला. अम्मीला वाटलं, पोरगा काही शोधतोय. त्यानं शेगडीच्या वरची डब्यांची फळी काढून बाजूच्या भिंतीवर ठोकली. गॅसची नळी वाकवून पाहिली, चिरली होती, नवी आणून बसवली. दारापाशी उभं असलेलं लोखंडी कपाट सरकवायला लावलं. पडलं तर वाट अडेल म्हणाला. मग अम्मीला हाताला धरून सिलिंडरपाशी नेलं आणि सांगितलं, "नानी, जमीन हलली की आधी हे फिरवायचं आणि मग पळायचं. जमलं नाही तर तसंच पळायचं, पण आत परत येताना बटण दाबायचं नाही."

अम्मीचं वय ऐंशीच्या पुढे. ती आता रोज रात्री झोपण्याआधी रेग्युलेटर बंद करते आणि मला हाक मारून सांगते, "बंद केलं रे." मी हो म्हणतो. मग भाच्याची रात्रपाळी असेल तर तीच पुढे विचारते, "त्याच्याकडे कोण बंद करतं?"

मी तिला सांगतो, तोच करतो.